क्रेडिट कार्डच्या बिलात उणे रक्कम दिसतेय? ते तुमचे देणे नाही, येणे आहे

क्रेडिट कार्डचे बिल आता बहुतेक घरांत मोबाइलवरच येते. बिल उघडले आणि भरायच्या रकमेच्या जागी ‘-१८,४००’ असा आकडा दिसला, तर पोटात गोळा येणारच. उणे म्हणजे कमी आणि कमी म्हणजे थकबाकी, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. मग कोणी घाईघाईने तेवढीच रक्कम पुन्हा भरून टाकते. कोणी घरात कोणालाही न सांगता काळजी करत बसते. कोणी इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधून फोन लावते आणि नेमके ठगाच्या हाती लागते.

खरे म्हणजे क्रेडिट कार्डच्या बिलात उणे आकडा दिसला, तर तुम्हाला बँकेचे काही द्यायचे नसते. बँकेलाच तुमचे द्यायचे असते. हे पैसे परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि ते किती दिवसांत द्यायचे, हेही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले आहे. फक्त काय करायचे आणि काय टाळायचे, हे आधी माहीत हवे.

उणे म्हणजे नेमके काय?

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. महिनाभर सामान घ्यायचे आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचा. समजा, १,७०० रुपयांची उधारी असताना तुम्ही २,००० रुपये दिले आणि सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने वरचे ३०० वहीत तुमच्या नावावर जमा लिहिले. पुढच्या महिन्यात ते ३०० रुपये वजा करूनच तो पैसे घेईल.

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेकडची अशीच उधारीची वही. या वहीत साधा आकडा म्हणजे तुम्ही बँकेला देणे लागता ती रक्कम. आकडा उणे झाला, म्हणजे तुमच्याकडून किंवा तुमच्या वतीने जास्त पैसे जमा झाले.

आपला गोंधळ होतो तो बचत खात्यामुळे. बचत खात्यात शिल्लक उणे झाली, तर आपण बँकेला देणे लागतो. क्रेडिट कार्डचा हिशेब याच्या उलटा चालतो, कारण इथे आकडा मुळात देण्याचा असतो.

प्रत्येक बँक हे वेगळ्या पद्धतीने दाखवते. कोणी रकमेआधी उणे चिन्ह देते, तर कोणी रकमेपुढे ‘सीआर’ ही दोन इंग्रजी अक्षरे छापते. ‘सीआर’ म्हणजे क्रेडिट, आपल्या भाषेत जमा. ‘डीआर’ म्हणजे डेबिट, म्हणजे नावे. बँकेच्या पासबुकातही हीच अक्षरे असतात. ‘सीआर’ दिसले की समजायचे, भरायचे काही नाही.

हे पैसे जमा होतात कसे?

याची कारणे बहुधा साधीच असतात.

* बिल दोनदा भरले गेले. वडिलांच्या कार्डचे बिल त्यांच्या खात्यातून आपोआप कापले जाते. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला हे माहीत नसते. शेवटची तारीख जवळ आली म्हणून तो यूपीआय ॲपवरून तेच बिल भरतो. रक्कम दोन्हीकडून जमा होते.

* बिल भरल्यावर रिफंड आला. विमानाचे तिकीट रद्द केले, ऑनलाइन घेतलेली साडी परत पाठवली, हॉटेलचे बुकिंग मोडले. पण परतावा येईपर्यंत तुम्ही पूर्ण बिल भरून मोकळे झाला होता.

* आकडा चुकला. १,८४० ऐवजी १८,४०० टाइप झाले. घाईत एक शून्य जास्त पडते आणि ते ‘पैसे गेले’ असा मेसेज आल्यावरच लक्षात येते.

* कॅशबॅक आला किंवा बँकेने वार्षिक शुल्क परत केले. कार्डवर दुसरे देणे नसेल, तर एवढ्यानेही हिशेब उणे होतो.

* तक्रार केल्यावर तात्पुरती रक्कम जमा झाली. तुम्ही न केलेल्या व्यवहाराबद्दल तक्रार केली, की बँक चौकशी होईपर्यंत तेवढी रक्कम जमा दाखवते. मात्र चौकशीचा निकाल तुमच्या बाजूने लागला नाही, तर ही रक्कम पुन्हा नावे पडते. त्यामुळे ती लगेच खर्च करू नका.

यांपैकी कोणतेच कारण लागू होत नसेल आणि पैसे कुठून आले हे समजत नसेल, तर ते वापरू नका. दुसऱ्याने भरताना कार्ड नंबर चुकवल्यामुळे पैसे तुमच्याकडे आलेले असू शकतात. बँकेला कळवा. चुकून आलेली रक्कम बँक परत काढून घेते आणि तोवर तुम्ही ती खर्च केली असेल, तर तेवढे बिल तुम्हालाच भरावे लागते.

पैसे तसेच ठेवले तर?

रक्कम लहान असेल आणि कार्ड रोजच्या वापरात असेल, तर काहीच करायची गरज नाही. पुढच्या खरेदीतून ती आपोआप वजा होते. कार्डवर १८,४०० रुपये जमा आहेत आणि या महिन्यात तुम्ही ६,२०० रुपयांची खरेदी केली असे समजा. पुढच्या बिलात ‘-१२,२००’ दिसेल. तुम्हाला एक रुपयाही भरावा लागणार नाही आणि उशिराचे शुल्कही लागणार नाही.

रक्कम मोठी असेल, तर मात्र पैसे तिथे ठेवण्यात फायदा नाही. त्याची कारणे अशी:

* या पैशांवर व्याज मिळत नाही. तेच पैसे बचत खात्यात असते, तर थोडे तरी व्याज मिळाले असते.
* जास्त पैसे ठेवले म्हणून क्रेडिट स्कोअर वाढत नाही. तो घसरतही नाही. स्कोअरसाठी महत्त्वाचे असते ते देणे वेळेवर फेडणे.
* कार्डची मंजूर लिमिट तेवढीच राहते. एक लाखाच्या कार्डवर १८,४०० जमा असतील, तर काही ॲप १,१८,४०० रुपये उपलब्ध दाखवतात. पण हे वरचे १८,४०० तुमचेच आहेत, बँकेने ते वाढवून दिलेले नाहीत.
* अडीनडीला हे पैसे हाताशी येत नाहीत. क्रेडिट कार्डने एटीएममधून रोख काढली, तर स्वतःचे पैसे जमा असले तरी बहुतेक कार्डांवर रोख काढण्याचे शुल्क लागतेच. त्यामुळे ‘माझेच पैसे आहेत, एटीएममधून काढून घेते’ असे करू नका.

घरात दवाखान्याचा खर्च, मुलांची फी किंवा घरभाडे समोर उभे असेल, तर १८,४०० रुपये कार्डवर पडून असणे कोणालाच परवडणारे नाही. ते खात्यात परत आणलेले बरे.

रिझर्व्ह बँकेचा नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी सविस्तर निर्देश जारी केले. त्यात जमा रकमेबद्दल तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत.

पहिली गोष्ट, तुम्ही बिल अजून भरलेले नाही आणि शेवटच्या तारखेच्या आत रिफंड आला, तर बँकेने तो लगेच देय रकमेतून वजा करून तुम्हाला तसे कळवायचे आहे.

दुसरी गोष्ट, बिल भरून झाल्यावर मोठा रिफंड आला, तर बँकेने तो परस्पर कार्डवर वळता करायचा नाही. रिफंडची रक्कम तुमच्या लिमिटच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल तिच्यापेक्षा जास्त असेल, तर बँकेने सात दिवसांत एसएमएस किंवा ई-मेलने तुमची संमती मागायची. तुम्ही उत्तर दिले नाही, तर ती रक्कम तुमच्या बँक खात्यात परत पाठवायची. उदाहरणार्थ, लिमिट एक लाख असेल तर १ टक्का म्हणजे १,००० रुपये. तुमच्यासाठी मर्यादा तीच. लिमिट सहा लाख असेल तर १ टक्का होतो ६,००० रुपये, पण ५,००० त्याहून कमी म्हणून मर्यादा ५,००० ची. बँकेचे असे मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यांत उपयोगाची. रक्कम कितीही असो, तुम्ही मागणी केलीत तर बँकेने ती तीन कामकाजाच्या दिवसांत तुमच्या बँक खात्यात जमा करायची आहे. सोमवारी मागणी केली आणि मध्ये सुट्टी नसेल, तर गुरुवारपर्यंत पैसे यायला हवेत.

इथे एक बारकावा घरच्यांनी लक्षात ठेवावा. पैसे परत जातात ते कार्डधारकाच्या खात्यात. वडिलांच्या कार्डचे बिल मुलाने स्वतःच्या खात्यातून भरले असले, तरी परत येणारी रक्कम वडिलांच्या खात्यात जमा होईल. पुढचा हिशेब घरातल्या घरात करायचा. पत्नीकडे पतीच्या कार्डचे जोडकार्ड असेल, तर मागणी मुख्य कार्डधारकाने करणे सोयीचे.

पैसे परत मागायचे कसे?

१. आधी स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून घ्या. नेमकी कोणती रक्कम, कोणत्या तारखेला, कशामुळे जमा झाली ते शोधा.

२. ज्या खरेदीचे बिल अजून आलेले नाही, ती मोजा. जमा १८,४०० आहेत आणि कालच २,००० ची खरेदी झाली आहे, तर परत मागायचे १६,४००.

३. बँकेच्या ॲपमध्ये सेवा-विनंतीचा विभाग पाहा. अनेक बँकांनी जमा रक्कम परत मागण्याचा पर्याय तिथेच दिलेला असतो. तो नसेल, तर ग्राहक सेवेच्या अधिकृत ई-मेलवर लिहा. शाखेत जात असाल, तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

४. फोनवर बोलणे झाले असले, तरी लेखी विनंती कराच. तक्रार किंवा विनंती क्रमांक लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

५. कार्ड एका कंपनीचे आणि बचत खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत मागितली जाऊ शकते. ती तयार ठेवा.

अर्ज लांबलचक नको. एवढे पुरे:

‘माझ्या क्रेडिट कार्डवर (शेवटचे चार अंक …) दिनांक … रोजी … रुपये जमा शिल्लक आहे. बिल दोनदा भरले गेल्यामुळे ही रक्कम जमा झाली आहे. ती माझ्या बचत खात्यात (खाते क्रमांक …, आयएफएससी …) परत करावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अशी विनंती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम परत करणे अपेक्षित आहे. कृपया विनंती क्रमांक कळवावा.’

बँकेशी इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायचे असेल, तर हाच मजकूर त्या भाषेत लिहा. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा पिन यात कुठेही लिहू नका. शेवटचे चार अंक पुरतात.

बँक दाद देत नसेल तर?

आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. कशी करायची, याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तिथे हिंदी-इंग्रजीसोबत मराठीतही बोलता येते. म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरातल्या आजी-आजोबांनाही आपल्या भाषेत विचारता येईल.

ईएमआयवरची वस्तू परत केली तर सावध

समजा, तुम्ही ३६,००० रुपयांचा फ्रिज १२ हप्त्यांत घेतला, तो सदोष निघाला आणि परत केला. दुकानदाराने ३६,००० परत पाठवले. कार्डवर मोठी जमा रक्कम दिसते, पण हप्ते बंद झालेले असतीलच असे नाही. बँकेच्या लेखी खरेदी वेगळी आणि तिच्यावर दिलेले हप्त्यांचे कर्ज वेगळे. तुम्ही कळवले नाही, तर दर महिन्याला हप्ता, व्याज आणि त्यावरचा कर चालूच राहतो आणि तो या जमा रकमेतून गुपचूप कापला जातो. बिल भरावे लागत नाही, म्हणून कित्येक महिने लक्षातही येत नाही.

म्हणून रिफंड जमा झाला, की लगेच बँकेला कळवून ईएमआय रद्द करायला सांगा. ‘रद्द झाला’ असे लेखी उत्तर येईपर्यंत ती रक्कम खात्यात परत मागू नका. नाहीतर रिफंड हातात येईल आणि हप्ते डोक्यावर राहतील.

कार्ड बंद करायचे असेल तर

कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, देणे बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवे. तसे झाले नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद करताना कार्डवर काही रक्कम जमा असेल, तर ती ग्राहकाच्या बँक खात्यात पाठवणे बंधनकारक आहे. खात्याचा तपशील बँकेकडे नसेल, तर तो मागून घेणे हेही तिचेच काम.

जी कार्डे कपाटात पडून आहेत, त्यांच्याकडेही एकदा पाहा. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करू शकते. कळवल्यावर ३० दिवसांत तुम्ही उत्तर दिले नाही, तर खाते बंद होते. मोबाइल नंबर बदललेला असेल, तर तो मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून बँकेकडे नवा नंबर आणि चालू बचत खाते नोंदवलेले आहे ना, ते तपासा.

घरातल्या व्यक्तीचे निधन झाले असेल, तर तिचे कार्ड वापरत राहू नका आणि ते फक्त कापून टाकून विषय संपवू नका. मृत्यूचा दाखला देऊन बँकेला कळवा, शेवटचे स्टेटमेंट मागून घ्या. देणे निघाले तर ते तेव्हाच समजते आणि रक्कम जमा असेल, तर ती वारसांना मिळण्याची प्रक्रिया विचारता येते.

‘तुमचे पैसे परत देतो’ म्हणणारा फोन

उणे शिल्लक पाहून घाबरलेला माणूस ठगांना सोपा सापडतो. ‘मॅडम, तुमच्या कार्डवर रिफंड अडकला आहे, ओटीपी सांगा’ असा फोन येतो. किंवा इंटरनेटवर शोधलेला ग्राहक सेवेचा नंबरच बनावट निघतो. हे नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा:

* पैसे मिळवण्यासाठी ओटीपी, सीव्हीव्ही किंवा यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. यूपीआय पिन टाकला, की पैसे आपल्या खात्यातून जातात.
* बँकेचा नंबर कार्डच्या मागच्या बाजूवरून किंवा बँकेच्या ॲपमधूनच घ्या.
* कोणी सांगितले म्हणून मोबाइलची स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवू नका.
* फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

कार्डचे बिल कोण भरणार, हे घरात एकदा ठरवा. आपोआप कापले जाणार असेल, तर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बाबांच्या कार्डचे बिल भरले’ एवढा एक मेसेज टाकला, तरी बरेच घोळ टळतात.

रिफंड येणार असेल, तर बिलावर छापलेला आकडा डोळे झाकून भरू नका. बिल तयार झाल्यावर तो आकडा बदलत नाही. ॲपमध्ये त्या दिवशी दिसणारी देय रक्कम पाहा. रिफंड अजून आलेला नसेल, तर मात्र तो येणार म्हणून बिल थांबवू नका. शेवटची तारीख चुकली, तर व्याज आणि शुल्क लागू शकते. आधी बिल भरा, जास्तीचे नंतर परत मागा.

आणि महिन्यातून एकदा, बिल आले की पाच मिनिटे काढून त्यातली प्रत्येक ओळ वाचा. घरात वयस्कर माणसे असतील, तर त्यांच्यासोबत बसून वाचा. कोणत्या आकड्यापुढे ‘सीआर’ आहे, कोणत्या नाही, हे त्यांना दाखवा. पुढच्या वेळी उणे आकडा दिसला, तर ते स्वतःच सांगतील, की आपले पैसे बँकेकडे आहेत, मागून घ्यायला हवेत.